थेंबातली ठकी

सांगतो, पण मध्येच ‘शक्यच नाही’ म्हणू नका. ते ऐकून माझे कान किटलेत.

फुलांचे फोटो काढणं हा माझा धंदा. गेल्या वर्षी इथल्याच फुलबाजारात माझी ठकी हात सोडून गर्दीत शिरली, ती शिरलीच. सहा वर्षांची पोर. तेव्हापासून मी मिळेल ते काम इथलंच घेतो, म्हणजे कामाच्या नावाखाली शोधता तरी येतं.

त्या दुपारी एका गाळ्यावर नवी परदेशी फुलं आली होती. त्यांतलं एक तळहाताएवढं, काळपट जांभळं. वास मात्र बंद खोलीचा. गाळेवाली म्हणाली, “काढा फोटो, पण त्याच्यावर पाणी मारू नका हं, दादा.”

आता थेंब नसलेलं फूल बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं, त्याला मी काय करू? बाईची पाठ वळताच ग्लिसरीन घातलेलं पाणी फवारलं. त्याचे थेंब चटकन सुकत नाहीत. मागे काळं कापड लावलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

थेंबात कुणीतरी उभं होतं.

फुलामागचं दृश्य थेंबात उमटतं, हे आम्हा फोटोवाल्यांना पाठ असतं. पण ते उलटं उमटतं, डोकं खाली, पाय वर. आणि इथे मागे तर नुसतं कापड. ही सरळ उभी होती. हरवली त्या दिवशीच्याच पिवळ्या फ्रॉकात.

“ठकी!”

कापड ओढून काढलं. मागे बादल्या आणि भिंत. पुन्हा डोळा लावला, तर ती तिथेच. मी वेड्यासारखा फोटो काढत सुटलो. तिनं वर पाहिलं. ओठ हलले... बाबा.

“पाणी मारलंत ना?” गाळेवाली मागे येऊन उभी होती.

“माझी मुलगी आहे हो आत!”

ती फुलाकडे बघेना. “ऊन उतरलं की मिटतं ते... मग उमलत नाही.”

ऊन उतरतच होतं. होते नव्हते तेवढे दिवे मी फुलावर लावले. तरी पाकळ्या वळायला लागल्या. मध्ये बोटं घातली, पण त्यांचा रेटा दार लोटणाऱ्या माणसासारखा. “बाई, काहीतरी करा... पाया पडतो तुमच्या.” बाईनं गाळ्याचा पडदा खाली सोडला. फूल मिटलं. मी ते दोन्ही हातांनी फाडलं. आत कोरडे पराग होते.

घरी येऊन बायकोला फोटो मोठे करून दाखवले. तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळवा टेकवला.

“अहो, जिवंत आहे ती! फ्रॉक आखूड झालाय बघा. पुढचे दात पडलेत... वाढतेय माझी बाय!”

मी ढसाढसा रडलो. वर्षभरात पहिल्यांदा आनंदानं. तेवढ्यात तिनं हात मागे घेतला.

“काय गं?”

“वेण्या...”

सरळ भांग, दोन घट्ट वेण्या, टोकांना रिबिनी. वेणी घालणं ठकीला कुठलं येतंय?

“माझ्याशिवाय कुणाला केसांना हात लावू द्यायची नाही ती,” बायको कुजबुजली. “अहो... हिच्या वेण्या कोण घालतंय?”