उलटे झोत

दोघांनी वेधशाळेच्या प्रिंटरमधल्या एकाच कागदाला हात घातला, तिथून सगळं सुरू झालं. कागद तिचा होता. रेडिओ लहरी सोडणाऱ्या अतिदूरच्या एका दीर्घिकेचा नकाशा, मधोमध ठिपका नि त्यातून निघालेले दोन तिरके झोत.

"अरे, ही तर माझी दीर्घिका!" तो म्हणाला.

"तुझी कशी काय?"

"तिच्याभोवतीच्या वायूचा नकाशा माझ्याकडे आहे ना..."

तेव्हापासून तिच्या मैत्रिणी त्याला वायुपुत्र म्हणू लागल्या, आणि ती उगाचच लाजू लागली.

बरं चाललं होतं, तोच एक कुरळ्या केसांची चित्रकार आली. प्रदर्शनासाठी दोघांचे नकाशे जुळवून तिला एक मोठं चित्र करायचं होतं. झालं! वायुपुत्र दिवसभर तिच्याच टेबलाशी. इकडे हिच्या अंगाचा तिळपापड. सरळ सांगायचं तर ही जळत होती.

चित्र भिंतीवर लागलं आणि हिला चूक दिसली. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते. चित्रकाराने हिचा नकाशा पूर्व उजवीकडे करून जमिनीच्या नकाशासारखा 'सुधारला' होता. झोत भलतीकडे, उजळलेला वायू भलतीकडे. आणि खाली मंजुरीची सही त्याची!

होऊ दे उद्या प्रदर्शनात फजिती, तिने ठरवलं. पण लोक त्याला हसतील, हे काही तिला सोसवेना. ती तरातरा त्याच्याकडे गेली.

"माझे झोत उलटे लावलेत. सही करताना कुठे होतं लक्ष? कुरळ्या केसांत?"

त्याने चित्र पाहिलं नि कपाळावर हात मारला.

"तेव्हा तू खिडकीशी होतीस... त्या अँटेना-इंजिनिअरबरोबर. हसत होतीस. चित्र मी पाहिलंच नाही. एवढं काय सांगत होता तो?"

"अँटेनाच्या मोटारीत पाल शिरली, ते."

"पाल?" त्याचा जीव भांड्यात पडला.

तिला हसू फुटलं, पण तिने ते दाबलं. "आणि तिच्या टेबलाशी रोज का बसायचास?"

"तिथून... तुझी खुर्ची दिसते."

मग संगणकाशी बसून तिने चित्रातला आपला नकाशा पुन्हा सुलटा केला. झोत बरोबर उजळलेल्या वायूवर येऊन बसले.

"झोत जिथून जातो, तिथलाच वायू उजळतो," तो हळूच म्हणाला. "माझंही तसंच झालंय... तू आल्यापासून."

तिचे कान तापले. पडद्यावरची नजर न काढताच ती म्हणाली, "उद्यापासून तिकडे नाही बसायचं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे."

"उद्यापासून कशाला?" म्हणत त्याने ती खुर्ची ओढलीसुद्धा.