आधी आपला हात

“घसरगुंडीला आधी आपल्या हाताची पाठ लावायची, सूनबाई! तळव्याला कामाचे घट्टे पडलेले असतात, त्याला चटका कळत नाही. आधी आपला हात, मग लेकरू!”

सासूबाईंचा तो आवाज आजही थोरलीच्या कानांत जसाच्या तसा होता. तेव्हा ती या घरात नुकतीच आली होती, आणि ते लेकरू म्हणजे तिचा सात वर्षांचा दीर. आज तोच दीर दोन मुलांचा बाप होऊन दारात उभा होता, मुलांना बागेत न्यायला निघाला होता, आणि तिच्याकडे न बघताच विचारत होता, “पाणी भरलं का?”

“भरलं, भावजी. चार बाटल्या आहेत. ओले पंचे डब्यात घातलेत, टोप्या वरच ठेवल्यात. आणि... आज आठच्या आत घसरगुंडी सोडा हं.”

“गेल्या सुट्टीला सव्वाआठ, आज आठ! घरात बसून तुम्हाला कळतं तरी कसं हो, वहिनी?”

तिने हसून पिशवी पुढे केली. सहा वर्षांची चिमणी तिच्या पदराला लोंबकळली. “मोठीआई, तू का गं कधीच येत नाहीस?”

“तिला कामं असतात,” बाप तुटकपणे म्हणाला. बाळाच्या बुटाची नाडी बांधणाऱ्या धाकट्या जावेने मान आणखीच खाली घातली... आणि दार लागलं.

अडीच वर्षं झाली होती त्या दिवसाला! दोघी जावा चिमणीला घेऊन बागेत गेल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं तशी थोरली बाटली भरायला नळावर गेली, आणि तेवढ्यात लेकीच्या हट्टापुढे हार खाऊन धाकटीने तिला पत्र्याच्या घसरगुंडीवर बसवलं. ती किंकाळी! चिमणीच्या दोन्ही मांड्या पोळून निघाल्या. दवाखान्यात दीर धावत आला आणि गरजला, “कुणी बसवलं हिला?” धाकटीला सातवा महिना होता, ओठ पांढरे पडलेले, अंग थरथरत होतं, आणि हिला जपा असं डॉक्टरांनी चारच दिवसांपूर्वी बजावलेलं... थोरली एक पाऊल पुढे सरली. “मी,” ती म्हणाली.

“पोटचं असतं तर असं केलं असतंत?”

हो, हेच शब्द! ज्याला तिने न्हाऊ घातलं, पाढे शिकवले, नवरा गेल्यावर ज्याच्याकडे बघून दिवस काढले, त्याच्या तोंडून हे शब्द आले! ते तिने देवाच्या पायाशी ठेवले आणि पुन्हा कधी उचलले नाहीत. मुलांना घेऊन बाहेर पडायची मात्र तिला बंदी झाली. बाळंतपण झाल्यावर सांगीन, बाळ बसायला लागल्यावर सांगीन, असं धाकटी मनाशी म्हणत राहिली, आणि जसजसे दिवस गेले तसतशी तिची जीभ जड होत गेली. थोरलीनेही कधी विचारलं नाही.

तिने फक्त एक नेम धरला. सकाळी दुधाला जाताना वाट वाकडी करून बागेत शिरायचं, झाडांच्या आडून ऊन घसरगुंडीवर कधी चढतं ते बघत थांबायचं, पत्र्याला हाताची पाठ लावायची. चटका बसला की ती वेळ ध्यानात ठेवायची.

आज मंडळी अर्ध्या तासातच परत आली. दार उघडलं तर दीर तसाच उभा, चेहरा उतरलेला, बाटल्यांना हातही न लागलेला. थोरली लगबगीने पुढे झाली. “भावजी! पोरं बरी आहेत ना?”

उत्तर दिलं चिमणीने. “मोठीआई, माळीआजोबा म्हणाले, या घसरगुंडीला ताप आलाय का ते बघायला रोज एक डॉक्टरीणबाई येते! काडी मोडलेली निळी छत्री घेऊन! मी म्हटलं, अहो, ती आमची मोठीआई!”

कोपऱ्यातल्या छत्रीकडे सगळ्यांचे डोळे वळले. आणि धाकटीचा बांध फुटला. ती तिथेच उंबऱ्याशी थोरलीच्या पायांवर कोसळली. “ताई, मला बोलू द्या आता! अहो, मी बसवलं होतं हिला... मी! ताई तर तिथे नव्हत्याच, नळावर होत्या. मी भित्री, मी तोंड शिवून बसले...”

“उठ गं वेडाबाई,” थोरलीने तिला उराशी धरलं. “तेव्हा तुझ्या पोटात बाळ होतं. आता हा बघ, माझी कढई ओढायला निघालाय!”

रडतारडता धाकटीला हसू फुटलं. दीर मात्र जागचा हलला नव्हता. “वहिनी,” त्याचा आवाज फाटला, “मलासुद्धा तुम्ही अशाच, आधी हात लावून बसवायचात... आणि हात लावल्याशिवाय तुम्ही बसवाल हे मला पटलंच कसं? काय बोलून गेलो मी! कोणत्या तोंडाने माफी मागू?”

“याच तोंडाने न्याहारीला बसा,” ती डोळे टिपत म्हणाली. “सकाळपासून उपाशी आहात.” किती दिवसांनी तिला असं रागवता आलं होतं! छातीवरचा दगड कुणी अलगद उचलून नेल्यासारखं तिला हलकं, हलकं वाटत होतं...

न्याहारी झाल्यावर चिमणी तिच्या कानाशी आली. “मोठीआई, एक सांगू? मी घसरगुंडीवर बसतच नाही. बाबांना वाटतं बसते, पण मी मागेच उभी राहते. मला भीती वाटते. तू आधी हात लावलास तर बसेन.”

थोरलीने तिला जवळ ओढलं. “उद्या जाऊ. उजाडताच. देवाशपथ!”

दुसऱ्या दिवशी आभाळ नुकतं फटफटलं होतं. दाराशी निळी छत्री टेकवून ठेवलेली होती, तिची मोडकी काडी कुणीतरी तारेने नीट गुंडाळून बसवली होती. ते कसब दिराचं, हे तिला बघताक्षणी कळलं. आत सगळे निजले होते. चिमणीच्या बुटांचा आवाज नको म्हणून ते तिने हातात घेतले, तिला अनवाणीच जिना उतरवलं, आणि शेवटच्या पायरीवर बसून तिच्या पायांत चढवले. मग डाव्या हातात चिमणीचं बोट धरून, छत्री काखेत मारून, उजवा हात मोकळा ठेवून ती बागेच्या वाटेला लागली.