चांदबीचं पानदान

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय. शिरूरमध्येच, गेल्या उन्हाळ्यात. आणि रात्री नाही...

भर दुपारी.

ज्यांच्या घरात घडलं ते सिद्दीकमामा माझ्या आईचे सख्खे भाऊ. जुन्या चांदीच्या भांड्यांचा त्यांना भारी नाद. अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, नक्षीची तबकं... कुठं काही आहे कळलं की निघालेच.

दौंडला शाकीर नावाच्या पोरानं त्यांना आपल्या वारलेल्या आईचं पानदान दाखवलं. चांदीचा डबा. आत चुन्याच्या, काताच्या, सुपारीच्या वाट्या. झाकणावर द्राक्षांचा वेल. असं पानदान मामांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तरी ते म्हणाले, "आईची आठवण हाय, बाबा. इकू नको."

"न्हाई चाचा, घिऊन जा. माझ्यानं बघवत न्हाई."

शाकीर रांजणगावला कंपनीत. आई, चांदबी, दौंडला एकटीच. ती गेली तेव्हा तो शिफ्टवर होता. मोबाईल लॉकरमध्ये. सुटल्यावर बघतो तर आईचे मिस्ड कॉल...

पानदान मामांच्या काचेच्या कपाटात आलं.

एका दुपारी तहमीनामामी भांडी घासत होत्या. घर शांत. आणि...

कट्.

...कट्.

सुपारी कातरल्याचा आवाज.

"अहो, कोण आलंय?"

कुणीच नव्हतं. त्या घरात पान कुणी खात नाही. घरात अडकित्ताच नाही.

मग रोजचंच झालं. दुपारची जोहरची नमाज झाली, घर निवांत झालं, की...

कट्.

मामी म्हणतात, भीती कमी वाटायची, जीवच जास्त तुटायचा.

मामांना राहवलं नाही. पानदान घेऊन त्यांनी दौंड गाठलं. सगळं सांगितलं.

शाकीर घाबरला नाही. डबा छातीशी धरून ढसाढसा रडला.

"माझ्याकडं एकदाबी आली न्हाई वो, चाचा..."

रजा टाकून तो पानदानापुढं बसून राहिला. दुपारमागून दुपार.

काही नाही.

आणि इकडं शिरूरला, कपाटातल्या पानदानाच्या रिकाम्या जागेपाशी...

कट्.

मामांनी फोन केला. शाकीर तसाच गाडी काढून आला. कपाटासमोर चटईवर बसला.

"अम्मी... मी आलोय. बोल ना."

पंखा तेवढा फिरत होता.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली, तसा तो उठला. चपला घालता घालता मामींना म्हणाला, "रागावली असंल... व्हय ना?"

मामींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याची गाडी कोपऱ्यावर वळली. मामांनी दार लावलं.

कट्.

मामा अनवाणी रस्त्यावर धावले. "शाकीर! आरं शाकीर!"

गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

आवाज अजून येतो. मी स्वतः ऐकलाय. दुपारचं त्या घरी जायचं मी टाळतो.

शाकीर अधूनमधून दुपारचा फोन करतो. "येती का वो, चाचा?"

"न्हाई रं," मामा म्हणतात. खरं सांगायची छाती होत नाही.

मग मामी फोन घेतात. "जेवलास का, बाळा?"

तो काय जेवला, ते सांगत राहतो...

तेवढा वेळ मात्र आवाज थांबलेला असतो.