घोणसगडावरचा सत्कार

मोहिमेचा हेतू फ्लेक्सवर छापलेला होता : 'आंतरराष्ट्रीय पदभ्रमण मोहीम, घोणसगड'. फ्लेक्स क्रांती चौकातून आणला होता आणि त्यातला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द एकट्या नासिरच्या जिवावर उभा होता. नासिर येमेनचा. फार्मसी शिकायला छत्रपती संभाजीनगरात येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. बाकीचे तिघं त्याच्या वर्गातले : गळ्यात शिट्टी अडकवलेला नेता सम्यक, प्रथमोपचाराची पेटी आणि मोहिमेची अक्कल, दोन्ही सांभाळणारी प्रांजली, आणि नान-खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं, भलंमोठं पातेलं घेऊन निघालेला झीशान.

नासिरचा स्वतःचा हेतू वेगळा होता. त्याला पाठीवर ओझं हवं होतं.

गेली दोन वर्षं या गावानं त्याला काडी उचलू दिली नव्हती. मेसमध्ये पहिलं ताट त्याचं. जीपमध्ये पुढची सीट त्याची. तो शिकलेला पहिला मराठी शब्द 'पुरे', आणि तो उच्चारला की ताटात आणखी एक पोळी पडते, हे त्याला लवकरच कळलं. पोरं एकमेकांना टपल्या मारत, 'ऊठ, पाणी आण' म्हणत. नासिर आला की सावरून बसत. आई फोनवर विचारायची, मित्र झाले का? तो म्हणायचा, लोक फार चांगले आहेत. आई जाणती होती. पुढच्या फोनवर ती पुन्हा तेच विचारायची.

रविवारी सकाळी हनुमान ड्रायव्हरच्या जीपनं त्यांना डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. नासिरनं पटकन पातेल्याला हात घातला.

"अरे, क्या करता रे तू?" झीशान ओरडला. "मेहमान है ना हमारा! छोड, छोड!"

"आणि तुम्हाला डोंगराची सवय नाही," सम्यक मायेनं म्हणाला. "तिकडं सगळं वाळवंट."

नासिरचं गाव ढगांच्या वर होतं. पिठाची पोती पाठीवर घेऊन तो लहानपणापासून डोंगर चढत आला होता. हे त्यानं दोनदा सांगितलंही होतं; पण सगळ्यांनी इतक्या अदबीनं ऐकलं, की कुणाच्या कानात शिरलंच नाही.

पहिल्या चढावरच झीशानला घाम फुटला. तिथं पारूबाई नावाची धनगरीण मेंढ्या चारत होती. "येताना खाऊ," म्हणून पातेलं तिच्यापाशी ठेवलं. पुढं वाळलेलं कुसळी गवत, सीताफळीची झुडपं, मग सागाची विरळ झाडी. थंडी सरत आलेली. उन्हाला अजून राग आला नव्हता. खाली करड्या दरीत एकच पळस पेटल्यासारखा लाल दिसत होता. वाट गवतात हरवली, की सम्यक शिट्टी वाजवी. वाट काही त्यामुळं सापडत नसे. घसरडा मुरूम आला, की सम्यक आणि झीशान नासिरचा एकेक हात धरत. मग दोघंही घसरत आणि नासिर त्यांना सावरे. वर पोचल्यावर दोघं विचारत, "लागलं नाही ना तुम्हाला?"

दुपारी ते गडाच्या दरवाज्याखालच्या कपारीत आले. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मधली वाट हातभर! आणि डोक्यावर कातळाला आग्या मोहळाची पोळी काळ्या गोधड्यांसारखी लोंबत होती.

"सम्यक, वर बघ," प्रांजली दबक्या आवाजात म्हणाली.

"बघितलं. दोन मिनिटांचा कार्यक्रम आहे."

दोन मिनिटांचा कार्यक्रम महाराष्ट्रात अजून कुणी पाहिलेला नाही. सम्यकनं फ्लेक्स कातळाला टेकवला. सॅकमधून शाल काढली, नारळ काढला. शालीचा अर्थ नासिरला कळला. त्याचा सत्कार होणार होता! हातात बोचकं मागायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर शाल आणि हातात श्रीफळ पडलं. झीशाननं त्याच्या मनगटाला अत्तर चोळलं, मग सगळ्यांनाच लावलं. वातावरणनिर्मितीसाठी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटला.

"आजच्या या मंगल प्रसंगी," सम्यक म्हणाला, "सातासमुद्रापलीकडून आलेले आपले पाहुणे..."

धूर सरळ वर गेला.

गोधडी हलली. गुणगुण झाली. मग काळं आभाळच खाली आलं!

"पळा!" सम्यक किंचाळला आणि स्वतः पहिला पळाला. पाय दोन दगडांत गेला. तो कोलमडला. कमरेपासून खालचा सम्यक दरीत लोंबकळला! नारळ त्याच्या शेजारून गडगडत खाली गेला. आवाज बऱ्याच वेळानं आला.

नासिरनं झेप घेतली. सॅकचा पट्टा धरला. गुडघा कातळाला रोवला. माश्या मानेवर, कानावर, पापणीवर! त्यानं हात सोडला नाही. ओढला! अजून ओढला! सम्यक वाटेवर आला.

"अत्तर पुसा! माती चोळा!" प्रांजली ओरडली. झीशाननं उदबत्त्या पायाखाली चिरडल्या. नासिरनं फ्लेक्स सगळ्यांवर ओढला. चौघं त्याखाली एकमेकांवर रचले गेले. वर ताशा वाजल्यासारखा आवाज चालला होता.

"कोपर काढ माझ्या तोंडातून!"

"तोंड मिटून घे ना मग!"

आवाज जरा विरळ झाल्यावर ते फ्लेक्स पांघरूनच सरपटत मागं निघाले. गडाचा दरवाजा पुढं हाकेवर राहिला होता.

"पण फोटो..." सम्यक कण्हला.

"परत!" प्रांजली म्हणाली. गड तिथंच सुटला.

कपारीबाहेर पाहिलं, तर सम्यकचा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. झीशाननं त्याला पाठीवर घेतलं, चार पावलं टाकली आणि मटकन बसला. नासिर पुढं झाला. झीशाननं सवयीनं हात आडवा केला. पण त्याचा ओठ इतका सुजला होता, की 'मेहमान' हा शब्द बाहेरच पडेना. नासिरनं खांद्यावरची सत्काराची शाल सोडली, तिनं सम्यकला पाठीशी आवळलं आणि उतरायला लागला. तिरका, गुडघ्यात वाकून, घरी उतरायचा तसा.

"सॉरी हं, नासिरभाई," सम्यक म्हणाला. "तुम्हाला उगीच त्रास..."

सागाची झाडी संपेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. मुरमावर आल्यावर सम्यक ओरडला, "डावीकडून घे ना! दगड दिसत नाही का, आंधळ्या!"

नासिरची एक पापणी पूर्ण मिटलेली होती. तो हसला.

पारूबाईनं त्यांना येताना पाहिलं. "ठिव त्याला सावलीत," ती नासिरला म्हणाली. "अन् नुसता हुबा काय ऱ्हातो? ती घागर आन इकडं!" तो कोण, कुठला, तिनं विचारलंही नाही. नासिर घागरीकडं जवळजवळ धावलाच. बाईनं चंचीतला चुना सगळ्यांच्या डंखांवर फासला. मग पातेलं उघडलं. प्रांजली वाढत होती. नासिर "पुरे" म्हणाला, आणि ती खरोखरच थांबली.

संध्याकाळी जीप आली. पुढच्या सीटवर पाय लांब करून सम्यक बसला. वाटेत हनुमाननं रिवाजाप्रमाणं आणखी दोन माणसं आणि कांद्याचं पोतं भरलं. मागं गच्च झालं.

"ए नासिर," प्रांजली वैतागून म्हणाली, "सरक की जरा! अन् ते पातेलं घे मांडीवर!"

नासिरनं पातेलं मांडीवर घेतलं. चांगलं जड होतं.

"सरकलोय की!" तो खेकसला. "अजून कुठं सरकू, तुझ्या डोक्यावर?"