बांधामागचा दुसरा आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आणि आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही. ना काळोख, ना सुनसान रस्ता. शनिवारची दुपार होती आणि ऊन डोक्यावर होतं. जागा म्हणजे गावाबाहेरच्या माळावरचा मातीचा ट्रॅक, जिथे गो-कार्टच्या, म्हणजे त्या बुटक्या उघड्या गाड्यांच्या, शर्यती होतात.

हे घडलं माझ्या आतेभावासोबत. मी त्याला दादा म्हणतो.

दादा शर्यतीच्या कार्टची टू-स्ट्रोक इंजिनं ट्यून करायचा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळायचं नाही, तरी ट्रॅकवर सगळे त्याला कानसेन म्हणायचे. बाकीचे मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघायचे. दादा कुंपणाला टेकून नुसते डोळे मिटायचा. कार्ट समोरून गेली की म्हणायचा, "पेट्रोल कमी पडतंय. मोठा जेट टाका."

आणि ते कधी चुकायचं नाही.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे ते पितळी भोक, बारीक ठेवलं की पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इंजिन वाऱ्यासारखं पळतं. पण पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. फार ताणलं तर पिस्टन तापून जागीच जाम होतो आणि पळत्या कार्टची मागची चाकं आवळली जातात. त्याआधी आवाज चिरका होतो... क्षणभरच.

तो क्षण दादाला बरोबर ऐकू यायचा.

कार्ट चालवायचा वहिनीचा धाकटा भाऊ. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून त्याला सगळे भिंग्या म्हणायचे. आई लवकर गेली, तेव्हा वहिनीनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. तिला पोटचं मूल नाही. जे काही होतं ते हेच.

त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी मोसमातली शेवटची शर्यत होती. ट्रॅकवर दादा आणि भिंग्या, दोघंच. पलीकडे एक टँकरवाला धूळ बसावी म्हणून मातीवर पाणी मारत होता. बस.

ट्रॅकच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. तिथलं वळण अलीकडून दिसत नाही. कार्ट बांधामागे जाते आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर येते.

भिंग्या बांधामागे गेला. बाहेर आला. दादासमोरून सुसाट गेला. आवाज गोल, भरलेला. अगदी हवा तसा.

आणि मग...

त्याच्या मागून दुसरं इंजिन गेलं.

दादाने डोळे उघडले. ट्रॅक रिकामा होता.

'बांधावर आपटून आवाज परत येत असेल,' तो मनाशी म्हणाला. पुढच्या फेरीला कान देऊन उभा राहिला.

भिंग्याची कार्ट पुढे निघून गेली. तिच्या मागून तो दुसरा आवाज बांधामागे शिरला... चिरका झाला... आणि कुणीतरी गळा आवळावा तसा बंद पडला.

मग काहीच नाही. भिंग्याचं इंजिन मात्र मजेत चाललेलं.

प्रतिध्वनी होता, तर तो जाम कसा होईल?

पुढच्या फेरीत तो आवाज पुन्हा आला आणि त्याच जागी मेला.

या वेळी तो भिंग्याच्या थोडा जवळ होता.

दादाने हात करून कार्ट थांबवली. एक नंबर मोठा जेट टाकला. मागचा आवाजही तसाच जाडसर झाला. आणि बांधामागे जाऊन जाम झाला.

सायलेन्सर बदलला. मागच्या आवाजाचाही सायलेन्सर बदलला.

तेव्हा दादाला कळलं. हे दुसरं इंजिन नव्हतंच. प्रत्येकाच्या हाताची एक चव असते म्हणतात, तशी त्या आवाजात त्याच्याच हाताची चव होती. ते त्याचंच इंजिन होतं.

त्याने मनात म्हटलं, जुना पत्र्याचा सायलेन्सर लावून बघू. हात अजून पान्याकडे गेलेलाही नव्हता...

पुढच्या फेरीला मागचा आवाज पत्र्यासारखा खणखणत आला.

दादा म्हणतो, "म्हटलं, खड्ड्यात गेली शर्यत. हे इंजिन फोडूनच टाकतो. उद्या तो बसणार कशावर?"

हा विचार मनात पक्का झाला, तोच भिंग्या बांधामागून बाहेर आला. आणि त्याच्या अगदी पाठीला लागून एक भलताच आवाज आला. घोगरा, छातीत कफ दाटल्यासारखा. असलं इंजिन दादाने जन्मात ऐकलं नव्हतं.

ते बांधामागे गेलं... चिरकलं... संपलं.

भिंग्या हेल्मेट काढत आला. "काय दाजी, भूत बघितल्यासारखं तोंड का केलंय?"

"तुला मागे काही ऐकू आलं?"

"मला माझंच इंजिन ऐकू येतं. एवढं भारी केलंय तुम्ही!"

"उद्या नको उतरूस. माझं ऐक."

"दाजी, उन्हाचा चटका बसलाय तुम्हाला. पाणी प्या."

दादा तडक टँकरवाल्याकडे गेला. "इथे पूर्वी कुणी गेलंय का? त्या वळणावर?"

"छे हो! नुसता माळ होता इथे. ट्रॅक झाला तेव्हापासून मीच पाणी मारतोय. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

इथे कुणी मेलेलंच नव्हतं. म्हणजे तो आवाज होऊन गेलेल्याचा नव्हता, व्हायच्या गोष्टीचा होता; दादाला हेच जास्त लागलं.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्याने विषय काढला. "अगं, उद्या भिंग्याला घरी ठेवूया का? मला बरं वाटत नाहीये."

वहिनीने त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये. आणि शर्यतीच्या तोंडावर असलं अभद्र बोलू नका हो. वर्षभर वाट बघतोय पोरगा."

दादाने अर्धं ताट तसंच सारलं आणि उठला. काय सांगणार होता?

सकाळी ट्रॅकवर सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर काढला, दगडावर ठेवला आणि हातोड्याने फोडला.

भिंग्या आला. तुकड्यांकडे बघतच राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"का दाजी? माझं काय चुकलं?"

दादाला रडू फुटलं. पण मनातून तो सुटला होता.

तेवढ्यात शेजारच्या मंडपातला पैलवान आला. हाही मेकॅनिक, मनाने राजा माणूस. "अरे, पोरगं हिरमुसलंय. माझ्याकडे एक जास्तीचं इंजिन पडलंय. लावा की!"

भिंग्याने दादाकडे पाहिलंही नाही. त्याने आणि पैलवानाने मिळून इंजिन बसवलं आणि धक्का दिला.

इंजिन सुरू झालं.

घोगरं... छातीत कफ दाटल्यासारखं.

दादा धावला. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकला. "बंद कर! हेच इंजिन ऐकलंय मी! बंद कर!" झेंडेवाल्यांनी त्याला उचलून कुंपणाबाहेर काढलं. एक जण म्हणाला, "अहो, तमाशा नका करू. वहिनी बघतायत."

वहिनी खरंच बघत होती. समोरच्या बाकांवरून. तिला वाटलं, शर्यतीच्या ताणाने यांचं डोकं फिरलंय.

सरावाची फेरी झाली. भिंग्या एकटाच समोरून गेला. दादाने श्वास रोखून कान लावला.

मागे काहीच नव्हतं.

आदल्या दिवशी तो आवाज फेरीगणिक जवळ येत होता. आता अंतरच उरलं नव्हतं. आता एकच आवाज होता.

शर्यत सुटली. दादा कुंपणाला धरून उभा. ओरडून घसा बसलेला, आणि एवढ्या इंजिनांत त्याचं ऐकणार कोण? त्या सगळ्या गदारोळातून तो एकच घोगरा आवाज त्याला वेगळा ऐकू येत होता.

आवाज बांधामागे गेला...

चिरकला.

दादाने कान घट्ट झाकले. म्हणतो, तरी ऐकू आलं.

बाकीच्या कार्ट बाहेर आल्या, एकेक करत. काही वेड्यावाकड्या थांबल्या. मग लाल झेंडा हलला.

चाकं आवळून भिंग्याची कार्ट आडवी झाली होती. मागच्याला थांबायला वेळच मिळाला नाही. दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही पोरगा.

पैलवानाने नंतर ते इंजिन सगळ्यांसमोर उघडलं. जेट मोठा होता. प्लग चॉकलेटी, जसा हवा तसा. पिस्टनवर एक ओरखडा नाही. हाताने फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. ते जाम का झालं, हे आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही.

सगळे पाहुणे निघून गेल्यावर वहिनी दादाला एवढंच म्हणाली, "लोकांची इंजिनं तुम्हाला कोसावरून कळायची. याचं कसं नाही हो ऐकू आलं?"

दादा उठून अंगणात गेला. ऐकलं होतं म्हणावं, तर मग थांबवलं का नाही? नाही म्हणावं, तर...

दोघं एकाच घरात राहतात. बोलतात.

दादाने हत्यारं विकून टाकली. आता पायी फिरतो.

हे सगळं त्याने मला गेल्या आठवड्यात सांगितलं, आमच्याकडे आला होता तेव्हा. निघताना मी म्हटलं, "चल, बाईकवर सोडतो." नको नको म्हणत बसला मागे. वाटेत बोललो, हसलोही थोडं.

त्याच्या दारात उतरला आणि मी गाडी वळवली. दोन घरं पुढे गेलो असेन. आरशात पाहिलं.

तो जागचा हलला नव्हता. डोळे मिटून उभा होता... मान थोडी कलती करून.

मी मागे फिरलो. "काय रे दादा?"

"कुठल्या रस्त्याने जाणारेस?"

"नेहमीच्या. का?"

त्याने माझ्या गाडीमागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही. असंच."

मी तिथेच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत घरी आणली.

तेव्हापासून ती खाली उभी आहे. बायको विचारते, गाडीला काय झालंय? मी म्हणतो, काही नाही.

पण अजून तिला किल्ली लावायचं धाडस झालेलं नाही.