फायरमनचं उत्तर

श्यामकांत अंबरनाथच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे इंजिनाला लागले. बदलापूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत छोटा लेथ मांडून त्यांनी चार वर्षांत रेल्वेच्या जुन्या डब्ल्यूपी इंजिनाचं हातभर लांबीचं मॉडेल घडवलं. बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक, नाकावर चांदणी, पोटात खरा बॉयलर. खाली स्पिरिटचा दिवा लावला की खरी वाफ. "सवत आणलीय, तीही पितळेची," असं त्यांच्या पत्नी उमाताई आल्यागेल्याला सांगत.

१९८९च्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, आणि इंजिन पहिल्यांदा चालवायचा मान शेजारच्या दौलतरावांना मिळाला. त्यांनी दौंडला बावीस वर्षं हीच इंजिनं हाकली होती. दिवा पेटला, वाफ धरली. दौलतरावांनी बोटाएवढ्या दांड्याला हात लावला आणि जुन्या सवयीनं, मागं न बघता विचारलं,

"रघू, पाणी?"

ड्रायव्हरनं विचारायचं आणि फायरमननं बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघून सांगायचं, ही इंजिनावरची रीत. श्यामकांतांना हसू येणार, तेवढ्यात उत्तर आलं.

"काच रिकामी आहे, उस्ताद..."

आवाज इंजिनातून आला. तरण्या, दमलेल्या माणसाचा. दिवा स्पिरिटचा, पण वास सुटला तो कोळशाचा.

श्यामकांतांनी वाकून काच पाहिली. पाणी चांगलं अर्ध्यावर होतं. दौलतरावांनी दिवा विझवला आणि खाली फरशीवरच बसले.

"बासष्ट साली रघू, माझा फायरमन, हेच म्हणाला होता," ते हळू बोलले. "गाडी लेट होती. मी म्हटलं, पुढच्या स्टेशनात बघू. बॉयलर फुटला... सगळी वाफ त्याच्या अंगावर."

"आणि चौकशीत?"

"सांगितलं, त्यानं मला काही सांगितलंच नाही. ड्युटीवर झोपला, असा ठपका त्याच्यावर आला. त्याची बायको विठा आहे अजून दौंडला. लोक तिला अजून ऐकवतात."

श्यामकांतांना संताप आला आणि म्हाताऱ्याची कीवही आली. "जाऊन खरं सांगा तिला. दोन वाक्यांचं काम आहे."

"दिवाळी होऊ दे. जातो."

दिवाळी झाली, संक्रांत झाली. दौंडचं नाव काढलं की दौलतरावांचा गुडघा दुखे. होळीच्या आदल्या दिवशी ते वारले.

शेवटी श्यामकांतच दौंडला जाऊन आले. विठाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. निघताना एवढंच म्हणाल्या, "तुमी कशापायी आलात? त्यांनी यायाचं व्हतं."

तरी श्यामकांतांच्या मनावरचं ओझं उतरलं. पुढच्या खंडेनवमीला सकाळीच त्यांनी इंजिन पेटवलं. वाफ धरली, तशी आतून हाक आली.

"रघू, पाणी?"

आवाज दौलतरावांचा होता. उत्तर आलं नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

श्यामकांत वाकले, काच पाहिली आणि म्हणाले, "अर्धी आहे, दौलतराव."

"तुम्ही नका सांगू, शामराव... त्याला सांगू दे."

श्यामकांतांनी दिवा विझवला. तासाभरात बॉयलर गार पडला. उमाताईंनी जेवायला हाक मारली, तेव्हाही आतलं विचारणं थांबलं नव्हतं.