चिचुंद्रीचं स्थळ

"तुमच्याकडे चिचुंद्री आहे का?"

दारात एक उंच मुलगा उभा होता. हातात पिंजरा, चेहरा अगदी गंभीर. मुलुंडच्या आमच्या तळमजल्यावर लोक साखर मागायला यायचे. चिचुंद्री मागायला पहिल्यांदाच कोणी आलं होतं.

"आहे ना, मोरीत. का? स्थळ आणलंय तिला?"

"हो," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "दक्षिणेकडच्या डोंगरातलं... आमच्या प्रयोगशाळेत नर आहे एक."

त्याचं नाव लवू. घाटकोपरचा. वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच बसलेले. अंधेरीच्या कॉलेजात तो पीएच.डी. करत होता. त्याने पिंजऱ्यात सुका बोंबील लावला तेव्हा आईने नाकाला पदर लावला. चिचुंद्री सापडली, तरी तो येतच राहिला — "तिची खुशाली सांगायला." आणि मी त्याची वाट बघायला लागले.

त्या डोंगरातल्या नरापासून तिला पिल्लं झाली. त्यातला एक नर मोठा झाल्यावर लवूने मला प्रयोगशाळेत बोलावलं.

"बघ. हळू... हात थरथरतोय तुझा."

"तू इतक्या जवळ उभा राहिलास तर थरथरणारच ना!"

सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे, इवलेसे धागे दिसले.

"गुणसूत्रं. हा लांब धागा बापाचा. हे दोन छोटे तुमच्या मोरीतल्या बाईंचे. डोंगरातल्यांमध्ये कधीतरी असेच दोन जुळून एक झालेत. तरी लेकराच्या पेशीत बघ, तिघांनी एकमेकांना ओळखलंय."

खरंच, लांब धाग्याला दोन्ही छोटे बिलगले होते. अंगावर काटा आला माझ्या. इतक्या अंधाऱ्या, इतक्या लहान जागेत यांना कोणी शिकवलं हे?

"मग जुळलंच की सगळं. अडतं कुठे?"

"वाटणीत. या लेकराच्या बीजपेशी बनताना धागे कुणाला कमी, कुणाला जास्त जातात. म्हणून या पिल्लांना पुढे पोरं कमी होतात. इकडचे गुण तिकडे पोचतात, पण थेंबाथेंबाने. जुळलेल्या जागेजवळचे तर बहुतेक अडकूनच राहतात."

तो खिडकीकडे वळला.

"अनुपमा... तुझे बाबा काल भेटले. मी आपल्या लग्नाचं काढलं. म्हणाले, तुमचं-आमचं रक्तच वेगळं. नाही जमायचं."

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावले. मग मी विचारलं, "लवू, माझ्यात किती असतात रे हे धागे?"

"सेहेचाळीस."

"आणि तुझ्यात?"

तो वळला. डोळे पाणावलेले, ओठांवर हसू. "तेवढेच गं."

"मग चल घरी. बाबांना सांग. मी शेजारी उभी राहते."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तरी मी शेजारीच असेन, वेड्या."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चिचुंद्रीचं, धाग्यांचं, आमचं.

"सगळ्या माणसांत सारखेच?" त्यांनी हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता. नवल होतं.

"हो काका. एवढा मोठा पसारा माणसांचा, पण मांडणी तीच."

बाबा स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. आई उठली, आत गेली आणि आमच्या तीन पानांशेजारी चौथं पान मांडलं.